वेर्ण्याची शिफ्ट, माशेलची तालीम: कौशल्यांची देवघेव कशी सुरू करावी

पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं की दोन्ही बाजूंना शेड, मालाचे ट्रक, फॅब्रिकेशनची वर्कशॉपं, आणि त्यांच्या मध्येच ‘म्युझियम ऑफ गोवा’. डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेल्या सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये ते तिथे उभं केलं. कलादालन म्हटलं की पणजीतली आल्तिनोची टेकडी नाहीतर कांपालचा नदीकाठ डोळ्यांसमोर येणाऱ्यांना ही जागा आधी चमत्कारिक वाटते. पण उत्तर-दक्षिण जेमतेम शंभर किलोमीटरच्या या राज्यात सकाळी वेर्ण्याला शिफ्ट आणि संध्याकाळी माशेलला नाटकाची तालीम करणारी माणसं वाड्यावाड्यावर आहेत. दोन्हीकडचं काम एकाच अंगात मुरलेलं असतं. फक्त इकडचं तिकडे न्यायचं असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कला महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले, नाटक, नेपथ्य, ध्वनी, व्हिडिओ, लेखन, वेशभूषा यांत काम करणारे, आणि हॉटेल, कारखाना, इस्पितळ, शाळा, पंचायत अशा ठिकाणी जाऊन काही शिकवावं, काही शिकून यावं असं वाटणारे, अशांसाठी हे लिहितोय. माझं काम मुख्यतः नाटकाचं, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

आधी यादी करा, पण कलेची नको

‘मी अभिनेता आहे’, ‘मी चित्रकार आहे’ हे घेऊन औषध कंपनीच्या दारात गेलात तर तिथला माणूस कौतुक करेल, चहा देईल आणि वार्षिक स्नेहसंमेलनाला बोलावेन म्हणेल. त्याला तुमची कला आवडते. तिचं करायचं काय, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

म्हणून आपण दिवसभर काय काय करतो याची क्रियापदांत यादी करा. उत्सवी नाटकाचंच बघा. देवळाच्या उत्सवाला नाटक ठरतं. निरनिराळ्या धंद्यांतली माणसं कामावरून थकून सभामंडपात नाहीतर अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) जमतात. कोणाला पाठांतर नाही, कोणाची रात्रपाळी, एकजण चवथीला (गणेशचतुर्थीला) मुंबईला जाणार. तरीही ठरल्या रात्री पडदा उघडतो. या सगळ्यात दिग्दर्शकाने जे केलं त्यात अभिनय शिकवणं थोडंच. उशिरा येणाऱ्याला न दुखावता वेळेवर आणलं, चुकलं तिथूनच पुन्हा सुरू केलं, घाबरलेल्याचा श्वास जाग्यावर आणला, दोन भांडणाऱ्यांना एकाच प्रवेशात उभं केलं. प्रॉम्प्टर तर समोरचा कधी अडकणार हे त्याच्या मानेवरून ओळखतो. असा माणूस कुठल्याही धंद्याला हवाच असतो.

चित्रकाराच्या यादीत ‘शब्दांशिवाय सूचना देणं’ येईल. व्हिडिओ संकलकाच्या यादीत ‘तासाभराच्या बोलण्यातली दोन मिनिटं उचलणं’. वेशभूषाकाराच्या यादीत ‘अंधारात, घाईत, एका मिनिटात कपडे बदलता येतील असे शिवणं’; इस्पितळात हात न उचलता येणाऱ्या रुग्णाचा सदरा कसा उघडावा याचं उत्तर तिथे आहे. माझा अनुभव असा की लोक ज्यासाठी आपल्या पाठीवर थाप मारतात ते कौशल्य बाहेर सहसा खपत नाही. जे आपण न बोलता, कोणाच्या लक्षातही न येता करतो, ते खपतं.

ओळख घरातच असते

अनोळखी कंपनीला ईमेल पाठवून वाट बघत बसू नका. तुमच्या नाटकातला खलनायक दिवसा औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात असतो, तबलजी वीज खात्यात, शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या, चित्ररथाचं वेल्डिंग करणारा मडकईच्या वर्कशॉपमध्ये. चित्ररथावरचा राक्षस मान हलवतो ती त्याच्यामुळे. कुंभारजुव्याचा सांगोड बघितलाय ना? दोन होड्या जोडून त्यावर देखावे उभे करायचे म्हणजे होडीवाल्याचं आणि कलाकाराचं गणित जुळल्याशिवाय होत नाही. आपल्याकडे देवघेव आहेच. ती सणापुरती राहते.

तेव्हा चहाला बसा आणि त्या खलनायकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात नेमका कुठे अडतो?’ उत्तर सुपरवायझरच्या तोंडून आलं तर उत्तम, कारण एचआरच्या माणसाला प्रशिक्षणाचं कॅलेंडर दिसतं, सुपरवायझरला अडलेला माणूस दिसतो. परवानगी आणि पैसे मात्र एचआरकडूनच येणार, त्यामुळे सुपरवायझरकडून अडचण समजून घ्यायची आणि एचआरकडे तिच्यावरचा प्रस्ताव न्यायचा. एका पानाचा पुरे. त्यात ‘क्रिएटिव्हिटी वर्कशॉप’ हे शब्द घालू नका. कोणाची कोणती अडचण, किती जणांसोबत, किती तास, झाल्यावर काय वेगळं दिसेल, बस्स.

कधी जायचं

गोव्यात यावर बरंच अवलंबून आहे, आणि नवखे इथेच फसतात.

जून ते सप्टेंबर हॉटेलांचा मंदीचा काळ. कामगार आहेत, पाहुणे कमी आहेत, प्रशिक्षण याच दिवसांत होतं. आणि उत्सवी नाटकांचा, जत्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होत असल्याने पावसात आपणही मोकळेच. दोघांची सवड एकाच वेळी येते, अशी सोय फार ठिकाणी नसेल. मच्छीमारीची बंदीही १ जून ते ३१ जुलै असते. मच्छीमारांसोबत काही करायचं तर हेच दिवस, पण जाळी विणण्या-दुरुस्तीचं काम चालू असतं हे धरून वेळ मागा. चवथीच्या आगेमागे कोणाला फोनही करू नये. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव आणि नाताळ-नववर्षाची गर्दी. तेव्हा हॉटेलवाला तुमचा आवाजही ऐकणार नाही.

कारखान्यांसाठी सोपं दार म्हणजे ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात पथनाट्य, पोस्टर, घोषवाक्य असं काहीतरी बहुतेक कारखान्यांना करायचंच असतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी धावपळ सुरू होते. तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच विचारलंत तर निम्मं काम झालं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लैंगिक छळविरोधी कायद्याखाली (२०१३) अंतर्गत समिती नेमावी लागते आणि कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यावे लागतात. स्लाइड दाखवून ते उरकले जातात. तिथे प्रसंग करून दाखवणारी माणसं हवी आहेत. पण हा विषय जाणकार वकील किंवा समितीतल्या बाहेरच्या सदस्याला सोबत घेतल्याशिवाय करू नका. चुकीचा प्रसंग हशा मिळवतो आणि ज्याला त्रास झालाय त्याचं तोंड कायमचं बंद करतो.

मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधीही लक्षात ठेवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकारावरच्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात, आणि परवानगी असलेल्या विषयांत कला, संस्कृती, वारसा हे आहेत. मात्र कंपनीच्या स्वतःच्या कामगारांचं प्रशिक्षण त्यात बसत नाही. ते वेगळ्या खिशातून येतं, एकाच प्रस्तावात दोन्ही कोंबू नका.

पहिल्या भेटीत फक्त बघा

पहिल्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. एक पूर्ण पाळी उभं राहून बघायची. बंद बूट घाला, औषध कंपनीत जाणार असाल तर अंगठ्या, घड्याळ, बांगड्या घरी ठेवा, मोबाईल गेटवर ठेवावा लागेल असं धरूनच चला. फोटो विचारल्याशिवाय नाहीच. वही-पेन्सिल न्या, चित्रकार असाल तर स्केच करतानाही विचारा, कारण यंत्राची मांडणी हेही कंपनीचं गुपित असू शकतं.

काय बघायचं? हात कुठे थांबतात, माणसं कोणाकडे वळून विचारतात, भिंतीवरची कुठली सूचना कोणी वाचत नाही. आणि भाषा ऐका. व्यवस्थापक इंग्रजीत, सुपरवायझर कोंकणी-मराठीत, कामगार हिंदी, कन्नड, ओडियात बोलतायत आणि सुरक्षेचा फलक फक्त इंग्रजीत आहे, हे दृश्य दिसलं तर तुमचं पहिलं काम सापडलं. चितारणाऱ्याने तीन चौकटींत ते मांडावं. बाण कुठल्या बाजूला दाखवायचा यावर कामगारांशी अर्धा तास वाद घालावा लागला तर घाला, तो वेळ फुकट जात नाही.

हॉटेलमधली तालीम

एक उदाहरण जरा जवळून सांगतो. दुपारी दोनला खोली मिळते, पाहुणा सकाळच्या विमानाने अकरालाच येतो, सोबत पेंगुळलेलं मूल. काउंटरवरची नवी मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणते, ‘सॉरी सर, रूम रेडी नाही.’ वाक्य बरोबर आहे. प्रशिक्षणाच्या फाइलीत तसंच लिहिलंय. तरी पाहुणा चिडतो.

नाटकवाल्याला इथे काय दिसतं? एंट्री झाली आणि समोरच्या पात्राने दखलच घेतली नाही. नट म्हणून आपल्याला पहिल्या महिन्यात शिकवतात की आधी ऐकायचं, मग प्रतिक्रिया, मग वाक्य. तेवढंच तिच्याकडून करून घ्यायचं. बॅगा ठेवल्याचा आवाज आला की मान वर. मुलाकडे नजर. मग काउंटरच्या मागून दोन पावलं बाहेर. मग वाक्य, आणि वाक्यातही आधी ‘बसायला जागा आहे, पाणी आणते’, खोलीचं त्यानंतर. स्मितहास्य शिकवू नका. शिकवलेलं हसू पाहुण्याला लांबून ओळखू येतं. शब्द पाठ करून घेऊ नका. क्रम बसला की शब्द ती तिचे आणते.

पाहुण्याची भूमिका सुपरवायझरला द्या. तो काउंटरच्या या बाजूला आला की त्यालाच कळतं की काउंटर किती उंच आहे आणि एसीचा झोत थेट तोंडावर येतो. मग भूमिका बदला. चुकलं की भाषण नाही, जिथे अडलं तिथूनच पुन्हा. बघणाऱ्यांनी शेरे मारायचे नाहीत, ‘मला हे दिसलं’ एवढंच सांगायचं. एका गटात बाराच्या वर माणसं घेऊ नका. पंधरावा माणूस मोबाईल काढतो.

तिथून परत काय आणायचं? पाळी बदलताना हॉटेलात लॉगबुक लिहितात: कोणाची तक्रार अर्धवट राहिली, कुठल्या खोलीचा नळ गळतोय, उद्या पहाटे कोणाला टॅक्सी हवी. येणारा ते वाचून सही करतो, मगच जाणारा जातो. आपल्या महोत्सवांत स्वयंसेवकांची पाळी बदलते तेव्हा निम्मी माहिती आधीच्याच्या डोक्यात घरी जाते. कोरी वही विकत घ्या, दुसऱ्या दिवसापासून फरक दिसेल.

कारखान्यातून परत येताना

खरी कमाई मला नेहमी कारखान्यात झाली आहे. सुरक्षा सप्ताहासाठी पथनाट्य करायला जाता, चहाच्या सुट्टीत बारा-पंधरा मिनिटं मिळतात, मागे यंत्राची घरघर, समोरच्याच्या कानात इअरप्लग. अशा ठिकाणी संवादावर नाटक उभं राहत नाही. शरीराने आणि वस्तूंनी गोष्ट सांगावी लागते. अपघाताचा प्रसंग करायचा तर प्रत्यक्ष जखम दाखवू नका, त्याआधीचा क्षण दाखवा: घाई, ‘एकदाच तर करायचंय’, गार्ड (संरक्षक झाकण) काढलेलं यंत्र. कामगारांना तो क्षण ओळखीचा असतो, आणि ते हसतात ते म्हणूनच.

पण त्याच्या बदल्यात तिथे जे शिकायला मिळतं ते आपल्या मंडळांना वाचवू शकतं. लॉकआउट-टॅगआउट घ्या. यंत्राची दुरुस्ती करायची असेल तर वीज बंद करून भागत नाही. दुरुस्त करणारा माणूस त्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, आणि नाव-तारखेचा टॅग लटकवतो. तिघे काम करत असतील तर तीन कुलपं. मग यंत्र चालू करून बघतात, खरंच बंद झालंय ना म्हणून. ताणलेली स्प्रिंग, वर उचललेलं वजन, दाबलेली हवा यांत साठलेली ताकदही आधी मोकळी करतात. काम संपल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं.

आता आपला नरकासुराचा पुतळा आठवा. दिवाळीच्या आदल्या रात्री, पावसाने ओल्या मैदानात, जनरेटरवर चालणारी मोटर, बांबूच्या परांचीवर चढलेली दोन मुलं आणि खाली कोणीतरी ‘जरा चालू करून बघूया’ म्हणणारा. किंवा गावातला मंच: वर शिडीवर एकजण लाइट फिरवतोय आणि बोर्डाजवळ तिसराच उभा. महागडं काही लागत नाही. एक छोटं कुलूप, लॅमिनेट केलेला टॅग, त्यावर ‘वर माणूस आहे, हात लावू नये’ आणि नाव. चित्रकार मंडळींनी तो टॅग असा रंगवावा की अर्धवट झोपेतल्यालाही दिसेल. हात, मान हलणारी यंत्रणा असेल तर उचललेला हात आधी खाली टेकवून मगच आत शिरायचं.

औषध कंपनीतून दुसरी गोष्ट घ्या. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदीत, महत्त्वाच्या पायरीवर दोन सह्या असतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. नाटकात दुसऱ्या अंकात पत्र वाचायचं असतं आणि पत्र मेकअपच्या खोलीत राहिलेलं असतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला जास्त सांगायला नको. वस्तूंच्या यादीला दोन रकाने जोडा: ठेवणारा, तपासणारा. दोघं वेगळे हवेत. दिग्दर्शकाने दोन्हीकडे सही करायची नाही, मोह झाला तरी.

पैसे आणि कागद

‘आमच्याकडे बजेट नाही, पण तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य ऐकाल. पहिली छोटी चाचणी कमी पैशात करायला हरकत नाही, फुकट मात्र करू नका. फुकटच्या प्रशिक्षणाला माणसं वेळेवर सोडत नाहीत. दर सांगताना बघण्याचा दिवस, तयारी, प्रत्यक्ष तास, प्रवास आणि महिन्याभराने परत येण्याची भेट हे वेगवेगळं मांडा. नाहीतर तीन तासांचे पैसे म्हणून घासाघीस सुरू होते.

उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. प्रत्यक्षात व्याज मागायची वेळ क्वचित येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की हिशेब खातं जरा लवकर हलतं. फीतून टीडीएस कापला जाईल, पॅन द्या आणि विवरणपत्र भरा.

आता हक्क. बाहेरचा माणूस म्हणून तुम्ही लिहिलेल्या पथनाट्याचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलंत तर मालक कंपनी. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीसकट द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली की थांबा. कंपनीला तिच्या आवारात वापरायचा परवाना द्या, संहिता स्वतःकडे ठेवा. उलट बाजूनेही तेवढंच सरळ वागा. तिथे पाहिलेलं सूत्र, ग्राहकाचं नाव, अपघाताची खरी हकीकत तुमच्या पुढच्या नाटकात येता कामा नये.

गावातल्या जाणकारांकडे जाताना

प्रत्येक ज्ञान कंपनीच्या गेटामागे नसतं. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला लागणारी रानफळं, वेली, शेंगा कुठल्या डोंगरावर कधी मिळतात हे सांगणारी माणसं आहेत, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या) मानशीचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या जागेचं, दार भरती-ओहोटीबरोबर कसं चालतं हे कळणारी आहेत, हातमागावरची माणसं आहेत. वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणली तेव्हा डिझायनरचं नाव आणि विणकराचा हात दोन्ही लागले. तुम्ही पर्यटन खात्यासाठी किंवा शाळेसाठी असं काही करणार असाल तर जाणकाराला ‘माहिती देणारे’ म्हणून तळटीपेत टाकू नका. त्यांचा दिवस बुडतो, त्याचे पैसे द्या, नाव छापायचं का ते त्यांना विचारा, आणि कुठलं झाड कुठे आहे हे सांगू नका म्हणाले तर नकाशावर ते टाकू नका. फुलं-फळं ओरबाडायला येणारे असतात, हे जाणकारांना ठाऊक असतं.

झालं का, ते कसं कळणार

शेवटी वाटला जाणारा हसऱ्या चेहऱ्यांचा फीडबॅक फॉर्म भरून घ्या, कारण एचआरला तो हवा असतो, पण त्यावर विसंबू नका. चार आठवड्यांनी तासभर परत जा आणि तीच जागा त्याच वेळी बघा. काउंटरवरची मुलगी बाहेर येते का? फलकाकडे कोणी बघतं का? सुपरवायझरला विचारा, तुम्ही गेल्यावर त्यातलं काय त्याने स्वतः पुन्हा केलं. काहीच नाही म्हणाला तर तुमचं काम त्याच्या दिवसात बसत नव्हतं. अर्ध्या तासाची तालीम दहा मिनिटांची करून द्या, पाळी सुरू होण्याआधी उभ्याउभ्या होईल अशी.

दुसऱ्या फेरीला तालीम तुम्ही घेऊ नका. पहिल्या गटातल्या एकाला घेऊ द्या, तुम्ही प्रॉम्प्टरच्या जागी उभे राहा. आणि त्या कारखान्यातल्या दोघांना तुमच्या पुढच्या नाटकाच्या तांत्रिक तालमीला बोलवा, नटांच्या नव्हे, लाइट लागतात त्या रात्री. वायरी बघून ते काय म्हणतात ते लिहून घ्या.